उरलेल्या गोळ्यांचे काय करावे?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत औषधांचा एक डबा असतोच. बहुधा तो दिवाळीत आलेल्या मिठाईचा किंवा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो आणि फ्रिजवर अथवा कपाटाच्या वरच्या खणात त्याची जागा ठरलेली असते. तापाच्या गोळ्या, अर्ध्यावर राहिलेली खोकल्याची बाटली, मलमाची पिळून चपटी झालेली नळी, आणि कोणत्या दुखण्यासाठी आणले होते हे कोणालाच न आठवणारे एखादे पाकीट, असा त्यातील ऐवज असतो. औषधे महाग असतात, ती टाकवत नाहीत. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ या काटकसरीच्या वृत्तीवर हा डबा वर्षानुवर्षे भरत राहतो. प्रस्तुत लेख त्या डब्यातील एकाच वस्तूविषयी आहे : घरातील मुलामुलींच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या.

हा विषय मला सुचला तो घरच्याच प्रसंगावरून. माझी धाकटी बहीण नोएडाला राहते. तिच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याचा अस्थिबंध फुटबॉल खेळताना तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीत ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी लिहिलेली होती. वेदना असह्य झाल्यास आठ तासांनी एक, याप्रमाणे सात दिवस. औषधविक्रेत्याने दहा-दहाच्या दोन पट्ट्या दिल्या. भाच्याला तिसऱ्या दिवसापासून साध्या पॅरासिटामॉलने बरे वाटू लागले. सहा गोळ्या संपल्या, चौदा उरल्या, आणि त्या रीतीप्रमाणे डब्यात गेल्या.

दोन महिन्यांनी बहिणीच्या सासूबाईंचे गुडघे दुखू लागले. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. ‘नातवाच्या गुडघ्याला चालली ती गोळी माझ्या गुडघ्याला का चालू नये?’ असा सरळ विचार करून त्यांनी रात्री एकदम दोन गोळ्या घेतल्या. पहाटे त्या उलट्या करीत होत्या, बोलणे असंबद्ध झाले होते आणि स्वतःच्या घरात त्यांना स्नानगृहाची दिशा सापडत नव्हती. एक रात्र रुग्णालयात काढून त्या सुखरूप परतल्या. मन खिन्न राहते म्हणून त्या एक गोळी बरीच वर्षे नियमाने घेत आल्या आहेत. अशा काही औषधांशी ट्रॅमाडॉलचे वैर आहे, हे तेथील डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हां सर्वांना प्रथम कळले. बहीण मला दूरध्वनीवर म्हणाली, ‘दादा, विषाची बाटली असती तर मी कुलपात ठेवली असती. ह्या तर मुलाच्या गोळ्या होत्या!’

अफूच्या कुळातील औषधे

अफूच्या बोंडातून निघणाऱ्या चिकात मॉर्फिन व कोडीन ही द्रव्ये असतात. त्यांपासून बनवलेली, किंवा प्रयोगशाळेत तयार केलेली पण त्यांच्यासारखेच कार्य करणारी औषधे म्हणजे ओपिऑइड वर्गातील वेदनाशामके होत. या वनस्पतीची कायदेशीर शेती होणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत केंद्र सरकारच्या परवान्याने अफू पिकते आणि ती नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते. गाझीपूरचा कारखाना १८२० सालचा आहे. (दिल्लीकरांना गाझीपूर म्हटले की पूर्व सीमेवरचा कचऱ्याचा डोंगर आठवतो. हे गाझीपूर वेगळे, गंगेकाठचे. परंतु या लेखात त्या दुसऱ्या गाझीपूरचीही गाठ पडणार आहे.)

ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल ही कृत्रिम औषधे. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर घरी घेण्यासाठी प्रायः हीच दिली जातात. मेंदू व मज्जारज्जूतील ठरावीक ग्राहींवर ही औषधे बसतात आणि वेदनेची जाणीव बोथट करतात. अडचण अशी की, श्वासाची लय सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही तेच ग्राही असतात. मात्रा वाढली की वेदनेबरोबर श्वासही मंदावतो. झोप गाढ होत जाते, श्वास उथळ व विरळ होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, ओठ निळसर पडतात. ट्रॅमाडॉलच्या अतिसेवनाने याखेरीज झटकेही येऊ शकतात.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका का वाढतो? पहिले कारण वजनाचे. मोठ्या माणसाची एक गोळी दोन वर्षांच्या मुलाच्या शरीरात जाते तेव्हा ती एक गोळी राहत नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. कोडीन हे स्वतः फारसे प्रभावी नसते. यकृतातील एक विकर त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते तेव्हा त्याचा गुण येतो. ट्रॅमाडॉलचेही रूपांतर याच विकराकडून अधिक प्रभावी द्रव्यात होते. हे विकर काही व्यक्तींत जन्मतःच अतिशय वेगाने काम करते आणि तसे ते करते हे बाहेरून ओळखता येत नाही. अमेरिकेत टॉन्सिल काढलेल्या काही मुलांना नेहमीच्या मात्रेत कोडीन दिल्यावर मृत्यू आले, तेव्हा तेथील औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला. पुढे २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल देऊ नये, आणि टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर अठरा वर्षांखालील कोणालाही ट्रॅमाडॉल देऊ नये, असा निर्बंध आला. तात्पर्य, मोठ्या भावाला मानवलेली गोळी धाकट्या बहिणीला मानवेलच याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि आईवडिलांनी तर ती गृहीत धरूच नये.

आपल्या देशातही कायदा बराच पुढे आला आहे. २०१३ च्या अधिसूचनेने औषध नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची आली व ती मार्च २०१४ पासून लागू झाली. कोडीन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल आदी औषधे तीत आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते. पाकिटावरील लाल चौकट त्याचीच खूण आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्याखालील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांत झाला. दुकानाच्या काउंटरपर्यंत हा सगळा बंदोबस्त आहे. मात्र गोळी पिशवीत पडून घरी आली की तिचा हिशेब ठेवणारे कोणी नसते.

गोळ्या उरतात का?

याचे उत्तर डॉक्टरांच्या सावधगिरीत आहे आणि वेदनेच्या अनिश्चिततेतही आहे. रुग्णाला रात्री-अपरात्री कळवळत दुकान शोधावे लागू नये म्हणून चिठ्ठीत दोन गोळ्या अधिक लिहिल्या जातात. हल्ली शस्त्रक्रियेच्या वेळीच त्या भागाची नस बधिर करतात, त्यामुळे पहिला दिवस सुसह्य जातो. तरुण शरीर लवकर सावरते. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ठरल्या वेळी नियमाने दिल्यास पुष्कळ मुलांना तीव्र गोळीची गरज दोन-तीन दिवसांपलीकडे लागत नाही. अमेरिकेतील सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर दिलेली ओपिऑइड औषधे उरली असे सांगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण त्यात ६७ ते ९२ टक्के होते. उरलेले औषध कुलपात ठेवणारे किंवा रीतसर नष्ट करणारे फार थोडे निघाले. नव्वदीच्या दशकात अशा गोळ्यांचा तेथे सुकाळ झाला, आणि त्यानंतर त्या समाजाने काय भोगले हे सर्वश्रुत आहे. अनेकांना पहिली गोळी मिळाली ती घरातल्याच कपाटातून.

आपण तेवढ्या टोकाला गेलेलो नाही, पण निश्चिंत राहण्यासारखीही स्थिती नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्र गाझियाबादला आहे. या केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशव्यापी पाहणी केली; तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे २.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सव्वादोन कोटी भारतीय कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अफूजन्य द्रव्ये घेतात, असे त्यात दिसले. या वयोगटात औषधी गोळ्या, सरबते वा इंजेक्शने वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. परंपरेने अफू खाणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. परीक्षेच्या दडपणाखाली असलेल्या, मित्रांच्या आग्रहाला बळी पडू शकणाऱ्या मुलाच्या हाताशी अशी पट्टी बेवारस पडलेली असू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

संडासात? होय, संडासात

आता मुख्य प्रश्न. उरलेल्या गोळ्या टाकायच्या कोठे?

कचऱ्याच्या डब्यात, हे बहुतेकांचे उत्तर. दिल्ली परिसरात त्याचा अर्थ काय होतो ते पाहू. आपला कचरा गाडीतून ढलावावर जातो, तेथे हातांनी वेचला जातो, आणि उरलेला गाझीपूर, भलस्वा किंवा ओखला येथील डोंगरावर पोहोचतो. वेचणाऱ्यांत लहान मुलेही असतात. चकचकीत पट्टीत शाबूत असलेल्या गोळ्या म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीने सापडलेली वस्तूच. कोणी ती विकेल, कोणी चाखेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना ‘घरगुती घातक कचरा’ ठरवून ती वेगळी देण्यास सांगितले होते. तथापि आपल्यापैकी कितीजणांनी तसे वेगळे पुडके बांधून दिले हे ज्याचे त्याने आठवावे.

मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने, म्हणजे दिल्लीच्या कोटला मार्गावरून देशभरच्या औषधांचे नियमन करणाऱ्या कार्यालयाने, मुदत संपलेल्या व न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीविषयी मार्गदर्शिका काढली. तीत सतरा औषधांची यादी आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, टॅपेन्टाडॉल, ट्रॅमाडॉल ही त्यांतील काही नावे. डायझेपाम आणि काही चंचल मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हीसुद्धा तीत आहेत. ज्याच्यासाठी लिहिले नाही अशा व्यक्तीने घेतल्यास यांची एक मात्राही प्राणघातक ठरू शकते; म्हणून ही औषधे घरात न ठेवता संडासात टाकून पाणी सोडावे, असे ती मार्गदर्शिका सांगते.

हे वाचून सुजाण वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली होती. वजिराबाद ते ओखला या बावीस किलोमीटरांच्या टप्प्यात यमुनेचे काय झाले आहे ते आपण रोज पुलावरून जाताना पाहतो, आणि वास घेतो. आपली मैलाशुद्धीकरण केंद्रे औषधांचे अंश काढून टाकण्यासाठी बांधलेलीच नाहीत. आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्लीच्या नदीच्या पाण्यात व भूजलातही प्रतिजैविकांचे अंश दाखवून दिले होते. मग सरकारच औषधे गटारात सोडा म्हणते, हे कसे?

उत्तर तुलनेत आहे. माणूस गोळी गिळतो तेव्हाही तिचा बराचसा अंश मूत्रावाटे शेवटी त्याच नाल्यात जातो. नदीतील औषधांचा मोठा भाग वापरलेल्या औषधांतूनच येतो. यादीतील मोजक्या औषधांच्या उरलेल्या दहा-बारा गोळ्यांनी त्यात पडणारी भर नगण्य असते. अमेरिकी औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी तेथील अशाच यादीचा अभ्यास करून २०१७ मध्ये हाच निष्कर्ष काढला होता. एका पारड्यात ही किंचित भर आणि दुसऱ्या पारड्यात घरातील किंवा कचरापेटीजवळील एखाद्या मुलाचा जीव, असा हा हिशेब आहे. यमुनेची अवस्था पाहता तो मनाला पूर्णपणे पटतो असे मी म्हणणार नाही. पण आज आपल्या हाती असलेल्या पर्यायांत हाच कमी वाईट आहे, असे माझे मत झाले आहे.

मात्र ही सवलत यादीतील औषधांपुरतीच आहे, हे पक्के ध्यानात धरावे. उरलेली प्रतिजैविके, साधे पॅरासिटामॉल, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या संडासात मुळीच टाकू नयेत. त्यांच्यासाठी औषधे परत घेणारी केंद्रे हवीत. राज्यांची औषध नियंत्रण खाती व औषधविक्रेत्यांच्या संघटना यांनी मिळून अशी केंद्रे सुरू करावीत, असे त्याच मार्गदर्शिकेत सुचवले आहे. केरळने या कामी पुढाकार घेतला : २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे, आणि नव्या स्वरूपात २०२५ मध्ये कोळिकोड येथून. आपल्या परिसरातील रुग्णालयाचे औषधभांडार किंवा नेहमीचा विक्रेता औषधे परत घेत असेल, तर तीव्र वेदनाशामकांसाठीही तोच मार्ग उत्तम. तशी सोय नसल्यास साधी औषधे पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवावीत, पिशवीत घट्ट बांधावीत आणि कचऱ्यात द्यावीत, म्हणजे ती कोणाला खावीशी वाटणार नाहीत.

तीव्र वेदनाशामकांच्या बाबतीत कृती साधी आहे. गोळ्या पट्टीतून सोडवून एकदम संडासात टाकाव्यात आणि भरपूर पाणी सोडावे. पातळ औषध असल्यास बाटली तेथेच रिकामी करावी. पट्टी कात्रीने कापावी आणि पाकिटावरील रुग्णाचे नाव खोडावे. खाते बंद करताना उरलेले कोरे धनादेश आपण जसे फाडून निकामी करतो, तसेच हे. औषधाची चिकटपट्टी त्वचेवर लावली असेल तर विशेष जपावे. फेंटानिलची पट्टी बहात्तर तासांनी काढतात आणि ब्युप्रेनॉर्फिनची बहुधा सात दिवसांनी. काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते. रांगणाऱ्या मुलाच्या अंगाला ती चिकटली किंवा त्याने ती तोंडात घातली तर अनर्थ होतो, आणि असे मृत्यू परदेशांत नोंदले गेले आहेत. म्हणून चिकट बाजू आत घेऊन ती दुमडावी आणि तत्काळ संडासात टाकावी.

दिल्लीत उरलेली औषधे गरजूंना देण्याची एक सुंदर परंपरा आहे, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २००८ मध्ये लक्ष्मीनगर येथे मेट्रोचा बांधकामाधीन पूल कोसळला. औषधाविना तळमळणारे जखमी पाहून ओंकारनाथ यांनी दारोदार फिरून न वापरलेली औषधे गोळा करण्याचे व्रत घेतले, आणि राजधानी त्यांना ‘मेडिसिन बाबा’ म्हणून ओळखू लागली. मुदतीतील, पाकीटबंद साधी औषधे अशा कार्याला जरूर द्यावीत. परंतु प्रस्तुत यादीतील औषध कोणालाही देऊ नये. धर्मादाय म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून नाही, आणि घरकाम करणाऱ्या बाईंचे डोके दुखते म्हणूनही नाही.

उरण्याचा प्रश्न मुळातच कमी करता येतो. मुलाला घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : ही गोळी खरोखर किती दिवस लागेल? आधी साधे औषध नियमाने देऊन, हे केवळ गरजेपुरते ठेवता येईल का? सातऐवजी तीन दिवसांचेच लिहून द्याल का? दुकानात पट्टी कापून घेताना औषधाचे नाव आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असे पाहावे, नाहीतर महिन्याभरात ती गोळी निनावी होते. उपचार चालू असताना गोळ्या मोठ्यांनी स्वतः मोजून द्याव्यात, वेळ कागदावर लिहावी आणि पाकीट कुलपात ठेवावे. सोळा वर्षांचा मुलगा कितीही समंजस असला तरी अख्खे पाकीट त्याच्या उशाशी नको.

चुकून कोणी गोळी खाल्ली आणि गुंगी, मंद श्वास किंवा झटके दिसले, तर घरगुती उपाय करीत बसू नये, उलटी करवू नये. ११२ वर दूरध्वनी करावा आणि औषधाचे पाकीट बरोबर घेऊन जवळचे रुग्णालय गाठावे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर अहोरात्र सल्ला देते. गोळ्यांची संख्या नकळत कमी होत असल्याचे लक्षात आले, तर मुलावर ओरडण्याआधी व्यसनमुक्तीच्या १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर बोलावे.

या सगळ्यामुळे एखादी आई मुलाला वेदनेत ठेवून गोळीच देईनाशी झाली, तर तो या लेखाचा विपर्यास होईल. जगाला अफू पुरवणाऱ्या आपल्या देशात कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे कायद्याच्या धास्तीने वर्षानुवर्षे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, तेव्हा कोठे वाट मोकळी होऊ लागली. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मुलाने दात-ओठ खात काढावी, याला कोणतेही वैद्यकशास्त्र शौर्य म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितली असेल तर गोळी सांगितल्या मात्रेत द्यावीच.

सासूबाई घरी परतल्या त्याच संध्याकाळी बहिणीने डबा रिकामा केला. चौदांतील दोन त्यांच्या पोटात गेल्या होत्या. उरलेल्या बारा भाच्याने स्वतः पट्टीतून एकेक करून काढल्या आणि संडासात टाकून पाणी सोडले. त्याच्या शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये, डिस्चार्जच्या कागदाच्या मागे, बहिणीने तारीख घालून लिहून ठेवले आहे : ‘ट्रॅमाडॉल, शिल्लक १२, नष्ट केल्या.’ खाली तिघांच्याही सह्या आहेत. सासूबाईंनी आपली सही आग्रहाने केली.